आल्सिडच्या नावाची ओ

सोमवारी दुपारच्या सुट्टीत, हॉटेलच्या मागच्या गल्लीत बर्टच्या गाडीत बसून मी माझंच गाणं ऐकत होते, आणि माझ्या मेलेल्या भावाच्या नावाला एका परक्या माणसानं ओ दिली. 'आल्सिड,' असं माझा आवाज म्हणाला, आणि लगेच कुणीतरी, 'इथं आहे.' स्वच्छ, खणखणीत, नुकतेच दात घासून आल्यासारखा आवाज. बर्ट डोळे मिटून स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसला होता. "ड्रम बघ कसला वाजतोय," तो म्हणाला. "आपल्या कॅसेटवर असा वाजला होता कधी?" मी म्हटलं, "मागं घे." त्यानं कॅसेट मागं घेतली. पुन्हा तेच. "कोण आहे हा?" "कोण?" "हा ओ देणारा." बर्टनं डोळे उघडले. "असेल कुणी अटलांटाचा. तुझा आवाज इथून नेला, बाकीचं तिकडं भरलं. स्टुडिओवाले ठेवतात असली माणसं, तासावर. नुसता नमुना आहे गं हा, कंपनीला ऐकवायला केलेला. संध्याकाळी कंपनीचा प्रुइट भेटेल तेव्हा विचार की." गाडीत ऊन भरलं होतं, सीटचं रेक्झिन मांड्यांना चिकटत होतं. मी दार उघडून उतरले आणि पुन्हा हॉटेलच्या लाँड्रीत कामावर गेले.

आमच्याकडे रॅप म्हणजे आधी हजेरी. रविवारी दुपारी कुणाच्या तरी दारात नाहीतर शाळेच्या मैदानात पार्टी असते, बर्ट दोन रेकॉर्ड प्लेअरांवर रेकॉर्ड फिरवत असतो, आणि माईक हातात आला की पहिल्यांदा गल्ल्यांची नावं घ्यायची. पायटी स्ट्रीट? इथं आहे. लुइसा स्ट्रीट? इथं आहे. मग माणसांची नावं. जो समोर दिसेल त्याचं. एखादी गल्ली राहून गेली तर त्या गल्लीची माणसं हाताची घडी घालून उभी राहतात, पुढच्या रविवारपर्यंत बोलत नाहीत, आणि त्यांच्या आया आमच्या आईला चर्चमध्ये टोमणे मारतात. मी पायटी स्ट्रीटची, त्यामुळे पायटी आली की तिच्यामागं आल्सिडचं नाव ओघानंच यायचं. धाकटा भाऊ, कायम स्पीकरला टेकून उभा, अंगात ठणका असला तरी. त्याला सिकल सेल होता, जन्मापासूनचा रक्ताचा आजार. लहानपणी महिन्यातून एकदा तरी रात्रभर त्याचे पाय चोळत बसायचं आणि तो म्हणायचा, अगं जोरात नको, मी काही पीठ नाही. तो गेला, त्याला पुरलं, आमच्याकडच्या रीतीनं बँडच्या मागं चालत घरी आलो, आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी बर्टनं मला ओढून पार्टीला नेलं. माईक हातात आला. मी पायटी म्हटलं, आणि तोंड आपलं पुढं गेलं. आल्सिड. सवयीनं, दुसरं काही नाही. मी हे मुद्दाम केलं असं नंतर लोक म्हणू लागले, फार थोर काही केलं असं. तसं काही नव्हतं. मला तेवढ्यापुरता विसर पडला होता की तो मेलाय. सगळं मैदान गप्प झालं. नुसता ड्रम चालू. मला पळून जावंसं वाटलं. आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, इथं आहे. मग सगळेच म्हणाले.

तेव्हापासून ते हजेरीत बसलं. दर वेळी कुणीतरी ओ देतं. कधी पोरगा, कधी म्हातारं माणूस, कधी एखादी बाई हसत हसत. कोण ते मी कधी वळून पाहिलं नाही. पाहायचं नसतं असं मला वाटतं, का ते सांगता येणार नाही. एका रविवारी बर्टनं पार्टीतच टेप चालू ठेवली आणि ती कॅसेट काढली. कुत्रं भुंकतंय, मागून कुणी बर्फाचा गोळा मागतंय, हे सगळं तिच्यात आहे. न्हाव्यांच्या दुकानांतून आणि गाडीच्या डिकीतून तो ती विकत राहिला, आणि बघता बघता आमच्या वॉर्डातच नाही, नदीपलीकडंही गाड्यांमधून मी ऐकू येऊ लागले. पाठोपाठ रेकॉर्ड कंपन्या आल्या.

लाँड्रीत आमचं काम चादरींचं. मशीनमधून गरम चादर येते, तिची दोन टोकं माझ्या हातात, दोन मिस अर्लीनच्या, आणि आम्ही एकमेकींकडं चालत येतो, लांब जातो, परत येतो. मिस अर्लीन आईच्या वयाच्या आहेत आणि त्यांची जीभ कात्री आहे. "काय गं, आज तिसऱ्यालापण नाही म्हणणार का?" त्यांनी विचारलं. "लग्नाच्या पोरीनं इतकी स्थळं परतवली तर लोक म्हणतात, पोरीतच काहीतरी खोट आहे." "म्हणू देत." "म्हणतातच आहेत," त्या म्हणाल्या, आणि चादर झटकली.

पहिला नकार सोपा होता. तो माणूस आमच्याच गावचा, हातात जाडजूड घड्याळ, आणि त्याला माझी झालेली गाणी आणि न झालेली गाणी अशी सगळीच पाहिजे होती. बर्ट म्हणाला, असल्याशी आपण लग्न नाही करत. दुसरा लॉस एंजेलिसचा. त्याला मी आवडले, पण माझे कपडे, माझं नाव आणि माझा ड्रम आवडला नाही. मग आवडलं काय, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, तुमच्यातली ऊर्जा. त्याला नाही म्हणताना मला फार मजा आली, हे कबूल करते. त्यानंतर मी रस्त्यानं चालले की लोक म्हणायचे, ती बघ, लॉस एंजेलिसला हाकलणारी. गाण्यानं मिळाली नव्हती तेवढी इज्जत मला नकारानं मिळाली. आणि ती चढते. चादरीच्या एका टोकाला उभी राहून मी कितीदा तरी मनातल्या मनात नव्या नव्या कंपन्यांना नाही म्हणून पाहिलंय, वेगवेगळ्या आवाजांत. माणूस हो म्हणून मोठा होतो की नाही म्हणून, हे कळेनासं झालं म्हणजे समजावं की आपलं काहीतरी बिनसलंय. म्हणून प्रुइटचं पत्र आलं तेव्हा मी स्वतःशी ठरवलं होतं की या वेळी हो म्हणायचं. अटीही बऱ्या होत्या. नाव माझं, कपडे माझे, ड्रम बर्टचा, आणि बर्टला सोबत न्यायची मुभा. नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं. सकाळी घरातून निघताना मी आईला तसं सांगितलंही होतं.

आईला तर कधीचंच हवं होतं. आई त्याच हॉटेलात वरच्या मजल्यावर खोल्या आवरते. तिनं काढलेल्या चादरी मी धुते आणि मी घड्या केलेल्या ती घालते. आमच्या घरातलं बरंचसं बोलणं त्या चादरींमधूनच होत असावं. आल्सिड गेल्यापासून तिचं एकच पालुपद. तू तरी इथून नीघ. मी म्हणायचे, इथं काय वाईट आहे? ती म्हणायची, वाईट काही नाही, पण एका बाईला दोन लेकरं आणि दोन्ही याच गल्लीत संपावीत हे मला नको. नीघ, मोठी हो, मला फोन कर. एवढं बोलून ती भांडी घासायला लागायची. ती माझ्या पार्टीला कधी आली नाही. तिला रॅप कळत नाही, म्हणायची, नुसती आरडाओरड. चर्चमध्ये मात्र ती सगळ्यांत मोठ्यानं गाते.

त्या दुपारी हात चादरी धरत होते आणि कानात तो आवाज फिरत होता. इथं आहे. इथं आहे. मला रागही नीट येईना. बिचाऱ्याला कुणी कागद दिला असेल, म्हटलं असेल, या या जागी हे हे म्हण. त्यानं म्हटलं, चांगलं म्हटलं, पैसे घेतले, घरी जाऊन जेवला. त्याच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. पण आल्सिडचा आवाज घोगरा होता. दुखण्यात ओरडून ओरडून घोगरा झालेला. आणि मैदानात ओ देणारा कुणीही आल्सिडचा आवाज काढायचा प्रयत्न करत नाही, तो आपल्या आवाजात सांगतो की आल्सिड इथं आहे. हा अटलांटाचा माणूस मात्र आल्सिड झाला होता. असा काहीतरी फरक होता. चादर धरून मी मध्येच थांबले, आणि मिस अर्लीन पलीकडून म्हणाल्या, "अगं, झोपलीस का उभ्या उभ्या? ये इकडं."

प्रुइटच्या कंपनीनं रॅम्पार्ट स्ट्रीटवर एक छोटा स्टुडिओ भाड्यानं घेतला होता. सुट्टी झाल्यावर बर्ट मला तिथं घेऊन गेला. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गाडीत तो सारखं अटलांटाबद्दल बोलत होता. मिस्टर प्रुइट पन्नाशीचे, पिकलेली दाढी, मूळचे अलाबामातल्या कुठल्याशा खेड्यातले. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. मी आत शिरताच ते उठून उभे राहिले, मला मिस ट्रेनीस म्हणाले, गार चहा मागवला. मी बसले आणि विचारलं, "ओ देणारा तो कोण?"

"कोणता?"

"आल्सिडच्या नावाला."

"हां, तो. मार्विन असावा. चांगला मुलगा आहे. का, आवडला नाही?"

"आल्सिड माझा भाऊ होता. तो वारला."

मिस्टर प्रुइटनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी बर्टकडं पाहिलं, बर्टनं जमिनीकडं. "मला कुणी बोललं नाही," ते म्हणाले. "माफ करा. मनापासून." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "गोळी?" मी म्हटलं, सिकल सेल. "अच्छा," ते म्हणाले. त्या 'अच्छा'मध्ये एक बारीकशी निराशा होती. त्यांनी ती लगेच झाकली, पण मी चादरी झटकून झटकून डाग बघणारी बाई आहे, मला दिसली. गोळीनं मेला असता तर मासिकांत छापता आलं असतं. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही आला नाही. पार्टीत नवीन येणारे लोकही तेच विचारतात, आणि सिकल सेल म्हटलं की तेही असंच अच्छा म्हणतात.

"तो आवाज काढून टाकू," मिस्टर प्रुइट म्हणाले. "जागा रिकामी ठेवू. तुम्ही म्हणाल तसं." काचेपलीकडं बसलेल्या माणसाला त्यांनी खूण केली, त्यानं यंत्रावरची एक दांडी खाली ओढली, आणि गाणं पुन्हा लागलं. एवढं सोपं होतं ते. पायटी स्ट्रीट? इथं आहे. आल्सिड. आणि मग काहीच नाही. ड्रम चालू, त्यावर रिकामी जागा, आणि मग माझाच आवाज मजेत पुढं, गॅलियर स्ट्रीट? मी आजवर ती जागा रिकामी ऐकली नव्हती. त्या पहिल्या रविवारी मैदान गप्प झालं होतं तेही थोडा वेळच. इथं मात्र कुणीही ओ देणार नव्हतं. दुकानात, घरात, कुठल्याशा शिकागोच्या गाडीत, जितक्या वेळा लावाल तितक्या वेळा आल्सिड नसणार होता. मी खुर्चीचा हात धरून ठेवला. माझा भाऊ मेलाय हे मला माहीत होतं, मी पुरून आले होते, पण त्या खोलीत ते मला पहिल्यांदा ऐकू आलं.

"आपल्या कॅसेटवरचाच आवाज घालू या," बर्ट पटकन म्हणाला. "मैदानातला."

"तो घेता येत नाही," काचेपलीकडचा माणूस म्हणाला. "फार खरखर आहे. मागं कुत्रं आहे."

मिस्टर प्रुइट माझ्याकडं बघत होते. सभ्य, समजूतदार नजरेनं. "मिस ट्रेनीस," ते म्हणाले, "तुमच्या आई आहेत ना? त्यांना आणू या इथं. त्या देतील ओ. त्यांच्या आवाजात. त्याहून खरं दुसरं काय असणार?" बर्टचा चेहरा उजळला. आणि मला दिसलं: आई कानांवर ते जाड हेडफोन लावून काचेमागं उभी आहे, चर्चचा पोशाख घालून, आणि काचेपलीकडचा माणूस म्हणतोय, छान, मिसेस, आता पुन्हा एकदा, जरा माईकजवळ येऊन.

"नाही," मी म्हटलं.

"मग नाव काढून टाकू."

"नाही. मला हे करायचंच नाही. तुम्ही चांगले आहात. तुमचं काही चुकलं नाही." माझा आवाज शांत होता. लॉस एंजेलिसच्या वेळची मजा कुठंच नव्हती. मिस्टर प्रुइटनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, "मी पुन्हा येणार नाही, हे तुम्हाला माहीत असावं. धमकी नाही ही. कंपनीत माझा शब्द तेवढाच चालतो." मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी माझ्याशी हात मिळवला.

पूल आला तसा बर्टनं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "तो माझापण दोस्त होता." "माहीत आहे." "हाडं दुखायची तेव्हा त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात मी नेलंय. तू नाही." "माहीत आहे, बर्ट." "मेलेल्याचं बरं असतं," तो म्हणाला, "त्याला सोमवारी कामावर जायचं नसतं. आपल्याला असतं. माझं वय बघ. तुझं बघ. नाव काढलं असतं तर काय गं बिघडलं असतं? त्याला कळणार होतं?" त्याचा आवाज फाटला. मी त्याचा इस्त्रीचा शर्ट बघत होते, घामानं पाठीला चिकटलेला. मी त्याचंही काहीतरी घेऊन टाकलं होतं आणि त्याला विचारलंही नव्हतं. "तू जा ना," मी म्हटलं. "ड्रम तर तुझाच आहे. ते घेतील तुला." "गप बस," बर्ट म्हणाला. दारात उतरवताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. आमच्या गल्लीत सगळ्या घरांतून राजम्याचा वास येत होता; सोमवारी आमच्याकडं घरोघरी तोच शिजतो.

आई शेगडीपाशी उभी होती, कामाचे बूट अजून पायांत. "झाली सही?" पाठमोरीच तिनं विचारलं.

"नाही."

तिनं गॅस बारीक केला. मी वाट बघत उभी राहिले. ती आता काय काय म्हणेल ते मला पाठ होतं, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. "ते म्हणाले, तुला घेऊन येऊ. आल्सिडच्या नावाला ओ द्यायला," मी सांगितलं. सांगायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून. आई खुर्ची ओढून बसली. तिनं हात टेबलावर ठेवले आणि एवढा मोठा श्वास सोडला की तिचे खांदे खाली आले. ती रडणार असं मला वाटलं. पण तिचा चेहरा सैल झाला होता, दुखणं उतरल्यावर होतो तसा.

"बरं झालं," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"बरं झालं, नाही म्हणालीस ते. सुट्टीच्या दिवशी तुझी कॅसेट लावून गाड्या जातात इथून. ही खिडकी मी लावून घेते. तरी ऐकू येतं. तू म्हणतेस आल्सिड, आणि कुणीतरी म्हणतं, इथं आहे. आणि मी दाराकडं बघते. दर वेळी, ट्रेनीस. मला ठाऊक असतं तरी बघते. चार गल्ल्यांच्या गाड्या पुरेत मला. सगळ्या देशानं ते वाजवलेलं ऐकायचं बळ नाही माझ्यात."

खालच्या आळीला कुणाच्या तरी रेडिओवर बेसबॉलची मॅच चालली होती. मी भिंतीला टेकले. एवढे दिवस मी त्याला हजेरीत ठेवला होता तो तिच्यासाठीही, असं मी मनात धरून चालले होते. कुणी विचारलं असतं तर तसंच सांगितलं असतं, अभिमानानं.

"आणि तूच म्हणत होतीस ना, सही कर, नीघ म्हणून."

"म्हणत होते. आई आहे मी. आईनं दुसरं काय म्हणायचं असतं?"

"मग त्याचं नाव घेऊ नकोस, असं का नाही म्हणालीस? एकदा बोलली असतीस. मी घेतलं नसतं."

आईनं माझ्याकडं नीट पाहिलं. "तो गेल्यावर तू ताटावर नुसती येऊन बसायचीस," ती म्हणाली. "तुला नाही आठवणार. मी बघत होते. काहीही करून वाढलं तरी तसंच. कपडे तुझ्या अंगावर लोंबायला लागले. मिस अर्लीननी मला बाजूला घेऊन विचारलं, पोरीला काय झालंय. एक गेला होता आणि दुसरी माझ्या डोळ्यांदेखत चालली होती, आणि मी काय करणार होते? मग त्या रविवारी तू पार्टीहून आलीस, काही न बोलता इथं उभी राहिलीस, आणि पातेल्यातूनच खाल्लास. गार भात. सगळा. मी दाराआड उभी होते, हलले नाही, म्हटलं, हललं तर थांबेल. तू काय केलंस ते दुसऱ्या दिवशी लोकांनी सांगितलं मला. मी म्हटलं, त्याच्या नावानं पोरगी जेवत असेल तर घेऊ दे नाव. मी खिडकी लावून घेईन."

ती उठली. ताटलीत भात घातला, वर राजमा, बाजूला पावाचा तुकडा, आणि ताटली माझ्यापुढं ठेवून समोरच्या खुर्चीत बसली, बूट न काढता. मला भूक लागली होती. फार लागली होती, आणि त्याची मला लाज वाटत होती. पण ती समोर बसून माझ्या हाताकडं बघत होती, म्हणून मी जेवले.